कासवांना हिंदीच्या वाटेने मराठीत आणू नका

प्रति,
मुलांच्या वाहिन्यांचे आणि ओटीटी मंचांचे भाषा-विभाग,
तसेच त्यांच्यासाठी मराठी ट्रॅक बनवून देणारे स्टुडिओ,
मुंबई

विषय : म्यूटंट प्राण्यांच्या कार्टून मालिकांचं मराठी डबिंग

स. न. वि. वि.

संवाद लिहिणारे, माइकपुढे उभे राहणारे आणि मिक्सिंगला बसणारे, अशा तिघांनी मिळून हे पत्र लिहिलं आहे. मागणी एकच आहे. परदेशी कार्टून मराठीत करायचं असेल तर मूळ संहिता आणि मूळ चित्र समोर ठेवून करा. हिंदी संहिता लेखकाच्या हातात देऊन 'हीच मराठीत उतरवून द्या, परवा रेकॉर्डिंग आहे' असं करू नका. नेमकं काय बिघडतं ते एकाच मालिकेवर दाखवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

मालिका घेऊ 'टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स', रसायनानं माणसासारख्या झालेल्या चार निन्जा कासवांची. केविन ईस्टमन आणि पीटर लेयर्ड यांनी १९८४ साली काढलेल्या काळ्या-पांढऱ्या कॉमिकवरून आलेली, डिसेंबर १९८७मध्ये पाच भागांनी सुरू झालेली आणि १९९६च्या नोव्हेंबरात १९३ भागांवर थांबलेली. नंतर २००३, २०१२ आणि २०१८ साली तिचे नवे अवतार आले, पण शिकायला ही पहिलीच बरी, कारण हिच्यात अडचणी उघड्यावर पडलेल्या आहेत.

कॉमिकमध्ये चारही कासवांच्या डोळ्यांवरची पट्टी लाल होती. टीव्हीसाठी आणि खेळण्यांसाठी रंग वेगळे केले : लिओनार्दो निळा, राफाएल लाल, डोनाटेल्लो जांभळा, मायकेलअँजेलो नारिंगी. कमरेच्या पट्ट्यावर नावाचं आद्याक्षरही आलं. कारण साधं आहे, चार सारख्या अंगाची, सारख्या चेहऱ्याची कासवं सहा वर्षांच्या मुलाला वेगळी ओळखू यायला हवीत. चित्रात जे काम रंग करतो ते आवाजात भाषेनं करायचं असतं. मूळ इंग्रजीत ते केलेलं आहे. लिओनार्दो नीट, पूर्ण वाक्यांत बोलतो. डोनाटेल्लो यंत्रांची भाषा बोलतो. राफाएल तिरकस आहे, मधूनच थेट कॅमेऱ्याकडे बघून प्रेक्षकांशी बोलतो. मायकेलअँजेलोच्या तोंडी कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर लाटांशी खेळणाऱ्या पोरांची बोली आहे. हिंदीत येताना यातलं निम्मं गळतं, कारण तिथेही घाई असतेच. मग त्या हिंदीवरून मराठी काढली की उरलेलं निम्मं जातं, आणि चार रंगांची कासवं एकाच आवाजात, एकाच पुस्तकी मराठीत बोलू लागतात.

डोळे मिटून ऐकलं तरी कोणतं कासव बोलतंय हे कळलं पाहिजे. मराठी भाग मंजूर करताना ही एक चाचणी लावा. दोन मिनिटांचा तुकडा चित्र बंद करून ऐकायचा. कळलं नाही तर संहिता परत.

आता हिंदीची वाट कशी ओळखायची? फार शोधावं लागत नाही. 'मी तुझी मदत करतो' असं ऐकू आलं की समजावं. मराठीत आपण 'तुला' मदत करतो. 'हे कसं होऊ शकतं?' हे तर प्रत्येक भागात एकदा असतं. मराठी माणूस चकित झाला की 'असं कसं झालं?' म्हणतो, किंवा नुसतं 'आँ?'. 'तू ठीक आहेस?' हे पडलेल्या मित्राला कोणी विचारत नाही, 'लागलं का रे?' विचारतो. 'मला माहीत होतं की तू येशील' यातला 'की' काढून 'तू येणार, माहीत होतं' केलं की वाक्य जिवंतही होतं आणि तीन अक्षरांनी आखूडही. ही आखूड होण्याची गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

लिंगाचा घोटाळा तर खास मराठी आहे. हिंदीत 'कछुआ' पुल्लिंगी, त्यामुळे प्रश्नच येत नाही. मराठीत 'कासव' नपुंसकलिंगी. आंधळेपणानं उतरवलं की एकाच प्रसंगात 'ते कासव पळाला' असली खिचडी होते. वास्तविक ही अडचण नाही, सोय आहे. खलनायक श्रेडर आणि त्याची माणसं कासवांबद्दल बोलतील तेव्हा 'ती कासवं पळाली, धरा त्यांना' म्हणू द्या. त्यात तुच्छता आपोआप येते. त्यांची मैत्रीण एप्रिल किंवा त्यांचा गुरू असलेला उंदीर स्प्लिंटर बोलतील तेव्हा 'ते चौघे अजून आले नाहीत' म्हणू द्या. कोण शत्रू, कोण आपलं, हे एका प्रत्ययात कळतं. इंग्रजीला हे जमणारं नाही. आपल्याला फुकट मिळालंय, तर वापरावं.

उंदराचंही तसंच. स्प्लिंटर उंदीर आहे की घूस? आकारानं घूस म्हणावी असा, पण 'घूस' स्त्रीलिंगी, आणि तो शब्द प्रेमानं उच्चारता येत नाही. आमचं मत : कथनात आणि मित्रांच्या तोंडी 'उंदीर', श्रेडरच्या तोंडी शिवी म्हणून 'घूस'. हिंदीत दोन्हींना बहुधा 'चूहा'च म्हटलं जातं, म्हणून तिथून आलेल्या संहितेत हा फरक करायचा कोणाला सुचतही नाही.

स्प्लिंटरला काय म्हणायचं यावर आमच्यातच एकमत नाही. मुळात कासवं त्याला 'मास्टर' किंवा 'सेन्सेई' म्हणतात. 'गुरुजी' म्हटलं की डोळ्यांपुढे एक तर शाळा येते नाही तर सत्यनारायण. 'मास्तर' म्हटलं की शिंपी. काहींचा आग्रह 'वस्ताद' या शब्दाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तालमीत वस्ताद पोरांबरोबर राहतो, त्यांना घडवतो, त्यांच्या खाण्यावर डोळा ठेवतो, चुकलं की पाठीत धपाटा घालतो. भुयारातल्या त्या घरात नेमकं हेच नातं आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, माणूस जपानी आहे, कपडे जपानी आहेत, त्याला कोल्हापूरच्या तालमीत का उभा करायचा? तोडगा असा निघू शकतो की सरावाच्या आणि गंभीर प्रसंगांत 'सेन्सेई' राहू द्या, घरगुती बोलण्यात 'वस्ताद'. काहीही ठरवा, पण एकदाच ठरवा. तो मात्र त्यांना 'पोरांनो' म्हणेल, 'शिष्यांनो' नाही.

एप्रिलला 'ताई' करू नका. हिंदीत 'दीदी' येते म्हणून मराठीत 'ताई' येते, आणि बरोबरीची मैत्री भाऊबीज होऊन बसते. ती त्यांची दोस्त आहे, चॅनल सिक्सची बातमीदार आहे, संकटात सापडते आणि त्यांना संकटात घालतेही. अरे-तुरे पुरे.

आदरार्थी रूपांची खरी मजा श्रेडर आणि त्याचा साथीदार क्रँग, म्हणजे शरीर नसलेला नुसता मेंदू, यांच्यात आहे. दोघं सतत भांडतात, पण एकमेकांवाचून अडतंही. क्रँगचं टेक्नोड्रोम हे फिरतं युद्धयंत्र श्रेडरला हवं, श्रेडरचे हातपाय क्रँगला हवेत. इंग्रजीत दोघांना एकच सर्वनाम. मराठीत श्रेडर काम काढायचं असेल तेव्हा 'तुम्ही' म्हणेल आणि काम फसलं की त्याच दमात 'तू' वर येईल. श्रेडरचे हस्तक बीबॉप आणि रॉकस्टेडी त्याला 'बॉस' म्हणतात, तिथे 'साहेब' चांगलं बसतं.

या दोघांवरूनच एक तक्रार, आणि ती जरा ठासून करतो. रानडुक्कर आणि गेंडा झालेले हे दोन गुंड न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचे आहेत, डोक्यानं मंद. मराठी डबिंगमध्ये मंद पात्र आलं की त्याला वऱ्हाडी किंवा मालवणी द्यायची आणि शास्त्रज्ञाला सदाशिव पेठ, ही सवय मोडा. नागपूर-अकोल्याचं किंवा कुडाळ-सावंतवाडीचं मूल ते ऐकतं तेव्हा त्याला कळतं की आपल्या घरात बोलतात ती भाषा टीव्हीवर फक्त मूर्ख बोलतात. बीबॉप-रॉकस्टेडीला कोणत्याही गावाची नसलेली, अर्धवट शब्दांची टपोरी भाषा द्या. बोलीच हवी असेल तर ती नायकाला द्या. मायकेलअँजेलो कोल्हापुरी बोलला तर कोणाचं बिघडत नाही. सगळ्यात लाडकं कासव तेच आहे. 'नाद खुळा', 'भावा', 'लय भारी' हे त्याच्या तोंडी दहा मिनिटांत घर करतील.

'लय भारी'वरून आठवलं. त्याची प्रसिद्ध आरोळी 'काउअबंगा'. ती अमेरिकेत १९५०च्या दशकातल्या एका मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातून आली, मग लाटांवर खेळणाऱ्यांनी उचलली, त्यांच्याकडून या कासवाकडे. अर्थ असा काही नाही, उडी मारतानाचा आनंद आहे. ती बदलू नये असं आमचं मत. पण ज्या प्रसंगात तो उडी न मारता नुसताच खूश होऊन ती म्हणतो, तिथे 'लऽय भारी' तोंडावर चपखल बसतं. का? 'काउ-अ-बं-गा' मध्ये ओठ तिसऱ्या अक्षरावर मिटतात, 'ल-य-भा-री' मध्येही तिसऱ्यावरच. असे योगायोग शोधणं हेच डबिंग लेखकाचं काम, आणि ते हिंदीचा कागद बघून होत नाही. तोंड बघावं लागतं.

तोंडाबद्दल थोडं सविस्तर. त्या काळच्या टीव्ही कार्टूनमध्ये बोलणाऱ्या तोंडाचे मोजके आकार काढलेले असत आणि सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एक चित्र साधारण दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. प्रत्येक अक्षर जुळवायची गरज नाही, जुळवूही नये. तीन गोष्टी जुळल्या की डोळा फसतो : वाक्य कधी सुरू झालं, कधी संपलं, आणि ओठ कुठे मिटले. ओठ मिटतात ते प, फ, ब, भ, म यांना. मूळ वाक्यातले हे मिटलेले ओठ संहितेत आधी खुणा करून घ्या, मग त्या जागी मराठीत ओष्ठ्य अक्षर येईल असा शब्द शोधा. कासवांचं तोंड रुंद, चोचीसारखं आहे, मिटलं की लांबूनही दिसतं. 'म' च्या जागी 'आ' आला की ते मूल बोट दाखवत नाही, पण त्याचं लक्ष उडतं.

उलट श्रेडरच्या तोंडावर पोलादी मुखवटा आहे. ओठ दिसतच नाहीत. त्याच्या टोळीतले फूट सैनिक टीव्ही मालिकेत यंत्रमानव आहेत, त्यांचेही नाहीत. म्हणून कथानकाची किचकट माहिती, जी मराठीत लांबते, ती शक्य तिथे श्रेडरच्या वाक्यांत ढकला. दोन कासवं आणि श्रेडर यांच्या एका प्रसंगात कासवांना चार-चार अक्षरांची वाक्यं देऊन बाकीचा भार त्या मुखवट्यावर टाकता येतो. ही सवलत चित्रकारांनी दिलेली आहे. हिंदीवरून लिहिणाऱ्याला ती दिसत नाही, कारण चित्र त्याच्या समोरच नसतं.

मराठी लांबते, हे खरं आहे. इंग्रजीत 'सापळा आहे' हे तीन उच्चारखंडांत होतं. 'हा एक सापळा आहे' ला दुप्पट तरी लागतात. पण कोणी असं ओरडतं का? 'सापळा!' किंवा 'फसलो रे!' तीन-चार अक्षरांत काम झालं. दुसरी गोम क्रियापदाची. पुस्तकी मराठीत ते शेवटी येतं, इंग्रजीत आधी, आणि हाताची खूण क्रियापदावर पडते. लिओनार्दो बोट दाखवून 'चला' म्हणतो त्या क्षणी आपलं वाक्य अजून 'आपण सर्व जण त्या भुयाराच्या दिशेने' इथेच असतं. बोलीत हा प्रश्न नाही. 'चला, त्या भुयारात!', 'धरा त्याला!', 'सोडू नका, दार लावा!' बोलणारा माणूस क्रियापद हवं तिथे नेतो. लिहिणाऱ्यानं वाक्य आधी स्वतः चित्राबरोबर मोठ्यानं म्हणून बघावं. श्वास पुरला नाही तर कलाकाराचाही पुरणार नाही.

'भुयार' हा शब्द आला म्हणून सांगतो, कासवांचं घर 'गटारात' नाही. गटार म्हटलं की आपल्याकडच्या मुलाला रस्त्याकडेची उघडी नाली दिसते, आणि चित्रात विटांचे उंच बोगदे असतात. नगरपालिकेच्या फलकांवरून घराघरांत पोचलेला शब्द आहे 'भुयारी गटार'. पहिल्यांदा तो वापरा, पुढे नुसतं 'भुयार'.

'म्यूटंट' ला 'उत्परिवर्तित' करू नका. तो शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकात ठीक आहे, मारामारीत नाही. पण विज्ञानाचा नियम मात्र काटेकोर ठेवा. या मालिकेत म्यूटाजेनचा, म्हणजे रूप बदलणाऱ्या रसायनाचा, नियम असा आहे की प्राणी शेवटचा ज्याच्या संपर्कात आला असेल त्याचे गुण घेतो. कासवं शेवटी माणसाच्या, हमातो योशीच्या संपर्कात होती, म्हणून माणसासारखी झाली. योशी भुयारात उंदरांबरोबर राहत होता, म्हणून माणसाचा उंदीर झाला, तोच स्प्लिंटर. बीबॉप आणि रॉकस्टेडी रानडुक्कर आणि गेंडा झाले तेही याच नियमानं, प्राणिसंग्रहालयातून आणलेल्या जनावरांमुळे. यातलं 'शेवटचा' गाळलं आणि 'रसायनामुळे सगळे बदलले' एवढंच ठेवलं, तर दुसऱ्या भागातला श्रेडरचा बेत कळतच नाही. मूल विचारतं, 'मग कासव उंदीर का नाही झालं?' बरोबर विचारतं.

पहिल्या भागातला आणखी एक प्रसंग. स्प्लिंटर एप्रिलला आपली हकिगत सांगतो. जपानमध्ये योशीचे गुरू, म्हणजे त्याचे सेन्सेई, आले असताना ओरोकू साकीनं, म्हणजे पुढच्या श्रेडरनं, योशीचा झगा मागून सुरीनं भिंतीला ठोकला. योशीला वाकता आलं नाही, म्हणजे पहिला आरोप, गुरूचा अपमान. त्यानं झगा ओढून सोडवला तेव्हा सुरी हाती आली, म्हणजे दुसरा आरोप, गुरूवर वार करायचा बेत. दोन आरोप, दोन पायऱ्या. संहिता दोनदा गाळून निघाली की 'साकीनं त्याला फसवलं आणि हाकलून दिलं' एवढा गाळ उरतो, आणि चित्रात तो भिंतीपाशी का खोळंबलाय ते कोणालाच कळत नाही. हा प्रसंग लिहिताना 'झगा', 'सुरी' आणि 'वाकणं' हे तीन शब्द त्या-त्या चित्रावरच पडले पाहिजेत.

पिझ्झाचा वडापाव करू नका, चीजचे धागे पडद्यावर लोंबताना दिसतात. त्यांच्या पिझ्झ्यावरचे विचित्र पदार्थ, जेलीच्या गोळ्यांपासून शेंगदाण्याच्या लोण्यापर्यंत, हा विनोद आहे. सौम्य करण्याच्या नादात तो साधा 'चीज पिझ्झा' होतो आणि हसू मरतं. आपल्या मुलाला किळस वाटेल असा जोड आपण शोधू शकतो : आमरस आणि सुकट, श्रीखंड आणि ठेचा. अट एवढीच, पिझ्झा जवळून दिसत असेल तर वरचा पदार्थ चित्राशी भांडू नये.

आता तांत्रिक बाजू, थोडी रुक्ष आहे पण पैसे इथेच वाया जातात.

आधी प्रत कोणती आली ते पाहा. ब्रिटनमध्ये ही मालिका 'निन्जा' शब्द काढून 'हीरो' नावानं दाखवली गेली आणि मायकेलअँजेलोच्या हातातल्या साखळीच्या दांड्यांची, म्हणजे नानचाकूची, दृश्यं कापली. पुढे खुद्द मूळ मालिकेतच त्याच्या हाती दोरीचा गळ आला. चित्र एका आवृत्तीचं आणि संगीत-ध्वनीचा ट्रॅक दुसरीचा असला की मारामारीत ठोसा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. शीर्षकाच्या पहिल्या मिनिटात नाव आणि नानचाकू दोन्ही तपासता येतात, तेव्हा तपासा.

मग वेग. मालिका सेकंदाला २४ फ्रेमची, आपलं प्रसारण २५ चं. चित्र पळवून २५ वर आणलं की २२ मिनिटांचा भाग २१ मिनिटं ७ सेकंदांचा होतो, आणि आवाजाची पट्टीही अर्ध्या सुराला थोडी कमी इतकी चढते. चित्र पळवलेलं आणि ध्वनी न पळवलेला आला तर शेवटी ५३ सेकंदांचा फरक पडतो. तो कोणाच्याही लक्षात येतो. घातक आहे तो छोटा फरक. २४ आणि २३.९७६ यांची गल्लत हजारात एकाची आहे. पहिल्या मिनिटात काही कळत नाही, दोन मिनिटांत तीन फ्रेम सरकतात, भागाच्या शेवटी सव्वा सेकंद. आणि मग दोष कलाकाराच्या 'सिंक'ला दिला जातो. रेकॉर्डिंगच्या आधी भागाची सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी दार आपटण्यासारखा एक ठळक आवाज चित्राशी पडताळून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

संगीत-ध्वनीच्या ट्रॅकमध्ये संवाद नसतात, पण हुंकार, धापा, मार खाल्ल्याचे आवाज, हसणं हे कधी त्यात राहतात, कधी संवादाबरोबर जातात. भाग उघडून यादी करा. राहिले असतील तर मराठी श्रेडर बोलतो आणि इंग्रजी श्रेडर हसतो. गेले असतील तर प्रत्येक कासवाचे 'एफर्ट' वेगळे रेकॉर्ड करावे लागतात, आणि ते सत्राच्या शेवटी घ्यावेत. तासभर किंचाळून झाल्यावर त्याच गळ्यातून लिओनार्दोचा शांत आवाज निघत नाही. रस्त्यावरच्या गर्दीचा गलकाही तपासा. लोक मराठीत पळताहेत आणि ओरडताहेत इंग्रजीत, असं होतं.

मराठीतल्या फ, भ, ख, थ या महाप्राणांचा वारा माइकवर आपटतो. माइक वीतभर लांब, तोंडाच्या रेषेपासून किंचित बाजूला, मध्ये वारा अडवणारी जाळी, म्हणजे पॉप फिल्टर. आवाज साठवायचा तो ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. आणि रेकॉर्डिंग कितीही स्वच्छ झालं तरी तो कोरडा आवाज तसाच चिकटवू नका. भुयारात घुमारा आहे, टेक्नोड्रोममध्ये धातूचा वेगळा घुमारा आहे, चॅनल सिक्सच्या कचेरीत जवळजवळ नाही. अशा चार-पाच जागांची सेटिंग पहिल्याच भागात बसवून साठवून ठेवली की पुढच्या भागांना मिनिटंही लागत नाहीत. क्रँगचा आवाज मुळात ओला, ढेकर दिल्यासारखा आहे. तो गळ्यातून काढायचा, यंत्रातून नाही. यंत्रानं काढला की शब्द हरवतात.

एका कलाकाराकडून दोन पात्रं करून घेण्यात गैर काही नाही. मूळ मालिकेत कॅम क्लार्क लिओनार्दोही होता आणि रॉकस्टेडीही, बॅरी गॉर्डन डोनाटेल्लो आणि बीबॉप, पॅट फ्रेली क्रँग आणि शास्त्रज्ञ बॅक्स्टर स्टॉकमन. जोड्या बघा : पहिल्या दोनांत एक नायक, एक खलनायक, आणि तिन्हींत आवाजाची जागा पूर्ण वेगळी. आपल्याकडे दोन कासवंच एका गळ्यात घालतात, चौघं मात्र प्रत्येक प्रसंगात एकत्र असतात. तिथे बचत करू नका.

एक गंमतही आहे. या मालिकेत रंगांच्या चुका पुष्कळ आहेत, नारिंगी पट्टीचं कासव लिओनार्दोच्या आवाजात बोलतं, असं. मराठीत आपण ती चूक दुरुस्त करू शकतो : पुढच्या वाक्यात त्याला कोणी नावानं हाक मारत नसेल तर वाक्य पट्टीच्या रंगाच्या कासवाला द्या आणि त्याच्या भाषेत लिहा. नावानं हाक असेल तर आवाजामागे जा.

शेवटी कामाच्या अटी. भागाच्या लेखनाला चार दिवस द्या : एक दिवस नुसतं बघायला आणि खुणा करायला, दोन लिहायला, एक चित्राबरोबर मोठ्यानं म्हणून तपासायला. लेखकाला टाइमकोड असलेलं चित्र, मूळ संवादांची यादी आणि नावांचा तक्ता मिळाला पाहिजे. तो तक्ता पहिल्या भागाआधी पक्का करा : मायकेलअँजेलो की मायकेलेंजेलो, राफाएल की रॅफेल, टर्टलकॉम, डायमेन्शन एक्स, कोण कोणाला काय म्हणतो, कोणाला तू आणि कोणाला तुम्ही. लेखक बदलले तरी तक्ता बदलायचा नाही. रेकॉर्डिंगला लेखक हजर असावा, निदान पहिल्या पाच भागांना, कारण शेवटच्या क्षणी दोन अक्षरं कमी करायची वेळ येते आणि ती कोणती करायची हे त्यालाच ठाऊक असतं. शीर्षकगीत मराठीत करायचं तर शब्दांविना वाद्यांचा ट्रॅक आधी मागवा. तो नसेल तर गाणं मूळ ठेवा, वरून गाणं चढवू नका. त्या गाण्यात चौघांची एकेका ओळीत ओळख आहे, ती मुलाला पडद्यावरच्या मराठी अक्षरांत द्या. रेकॉर्ड केलेला आवाज त्या मालिकेपुरताच वापरायचा, त्यावरून यंत्रानं दुसरी वाक्यं बनवायची असतील तर वेगळी लेखी परवानगी. आणि शेवटच्या श्रेयनामावलीत मराठी लेखक, दिग्दर्शक, कलाकार, ध्वनिमिश्रक यांची नावं पाच सेकंद.

कळावे,

आपले,
मराठी डबिंगचे काही लेखक, आवाज-कलाकार आणि ध्वनिमिश्रक

ता. क. : श्रेडरच्या टोळीचं नाव 'फूट क्लॅन'. त्याचं 'पाऊल सेना' असं भाषांतर कोणी सुचवलं तर कृपया मान्य करू नका. मराठीत 'फूट' हा शब्द आधीच आहे आणि शत्रूच्या टोळीला याहून योग्य नाव मिळणार नाही. शिवाय प्रत्येक वेळी ते पळून गेले की राफाएलला कॅमेऱ्याकडे बघून 'फुटले!' एवढंच म्हणायचं आहे.